आगामी सुपरहिरो अ‍ॅनिमेशन : कशाची वाट पाहावी आणि आधी काय वाचावे

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: जाहीर झालेल्या सुपरहिरो अ‍ॅनिमेशनपटांपैकी आणि मालिकांपैकी कशाची वाट पाहण्यासारखी आहे, मूळ कॉमिक आधी वाचावे की नंतर, आणि ही रूपांतरे मुळाशी प्रामाणिक राहतील अशी अपेक्षा ठेवावी का. शिवाय घरातील बारा वर्षांचा मुलगाही सोबत पाहणार असल्याचे आपण लिहिले आहे. मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या प्रश्नांची उत्तरे बव्हंशी त्यातूनच निघतात.

माझ्या मते प्रामाणिकपणा ही मोजपट्टी अपुरी आहे. कॉमिक वाचताना वेळ वाचकाच्या हातात असतो. तो एखाद्या चौकटीवर थबकतो, पान मागे उलटतो, दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले असेल ते मनाशी भरून काढतो. पडद्यावर हा वेळ दिग्दर्शक ठरवतो. म्हणून एखादे रूपांतर जाहीर झाले की मी आधी दोनच गोष्टी पाहतो: किती पानांसाठी किती मिनिटे दिली आहेत, आणि मूळ कॉमिकमध्ये जे काम चौकटींची रचना करत होती ते पडद्यावर कोणाकडे सोपवले जाणार आहे. आवाज देणाऱ्या कलाकारांची नावे आणि पहिली झलक या बातम्या वाचायला मजा येते, परंतु त्यांवरून फारसे काही कळत नाही.

पाने आणि मिनिटे यांचे गणित किती निर्णायक असते, हे एकाच कथेच्या दोन रूपांतरांवरून स्पष्ट दिसते. सुपरमॅनचा मृत्यू आणि त्याचे पुनरागमन ही कथा १९९२-९३ मध्ये त्याच्या निरनिराळ्या मासिकांतून क्रमशः आली होती. २००७ सालच्या ‘सुपरमॅन: डूम्सडे’ या चित्रपटाने ती सुमारे सव्वा तासात बसवली आणि त्यासाठी सुपरमॅनच्या जागी उभे राहणारे चारही दावेदार गाळून त्यांच्याऐवजी त्याचा शत्रू लेक्स लूथर याने घडवलेली एक प्रतिकृती आणली. चित्रपट टाकाऊ नाही, पण नायक गेला आहे हे जगाच्या अंगवळणी पडण्याइतका अवधीच त्यात मिळत नाही, त्यामुळे त्याचे परतणेही हलके वाटते. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये हीच कथा दोन स्वतंत्र चित्रपटांत विभागली गेली, चारही दावेदार परत आले आणि त्याच प्रसंगांना वजन आले. उलट बाजूचे उदाहरण ‘द किलिंग जोक’ या बॅटमॅनच्या कथेचे आहे. १९८८ मधले हे कॉमिक पन्नास पानांचेही नाही. २०१६ मध्ये त्याचा पूर्ण लांबीचा चित्रपट करताना बॅटगर्लचा एक लांबलचक पूर्वरंग जोडावा लागला, आणि चित्रपटावरची बहुतेक टीका नेमकी त्या जोडकामावरच झाली. मूळ भाग जवळजवळ जसाच्या तसा असूनही चित्रपट फसला, हे प्रामाणिकपणाच्या चाहत्यांनी ध्यानात घ्यावे.

याच दृष्टीने ‘बॅटमॅन: नाइटफॉल’कडे पाहावे. हा प्रकल्प एकाहून अधिक भागांचा जाहीर झाला असून पहिला भाग २०२६ साठी ठरला आहे. १९९३ मध्ये बेन या खलनायकाने बॅटमॅनचा कणा मोडला, ते ‘बॅटमॅन’ मासिकाच्या ४९७व्या अंकातले चित्र कॉमिक न वाचणाऱ्यांनाही ठाऊक असते; परंतु ‘नाइटफॉल’चे खरे बळ त्या एका चित्रात नाही. बेन आधी अर्कमच्या वेड्यांच्या कोठडीतले सगळे गुन्हेगार मोकळे सोडतो, बॅटमॅन त्यांना एकेक करून पकडत राहतो, अंकामागून अंक त्याचे शरीर आणि विवेक झिजत जातो, आणि तो पुरता थकल्यावरच बेन त्याच्यासमोर येतो. हा थकवा मासिकांच्या लांबीतून निर्माण झाला होता. चित्रपटाने तो पाच मिनिटांच्या जलद दृश्यमालिकेत उरकला, तर कणा मोडण्याचा प्रसंग कितीही हुबेहूब चितारला तरी पोकळ ठरेल. अनेक भागांची योजना असल्यामुळे मला आशा आहे. ही कॉमिक्स आधी वाचण्याचा आग्रह मात्र मी धरणार नाही. ती बरीच विखुरलेली आहेत आणि त्यांतले काही अंक आज कंटाळवाणे वाटतात. चित्रपट आवडला तर नंतर वाचा.

‘इन्व्हिन्सिबल’बद्दल आपण स्वतंत्रपणे विचारले आहे. रॉबर्ट कर्कमन यांनी कोरी वॉकर आणि रायन ऑटली या चित्रकारांसह २००३ ते २०१८ या काळात १४४ अंकांत पूर्ण केलेली ही एकसंध कथा आहे. ती पूर्ण झालेली असल्यामुळे मालिका लिहिताना शेवट कुठे न्यायचा आहे हे लेखकाला पहिल्या दृश्यापासून माहीत होते, आणि हा फार मोठा फायदा असतो. कर्कमन स्वतः मालिकेचे सूत्रधार आहेत, तरी त्यांनी कॉमिकची नक्कल केलेली नाही. नायकाचा बाप ऑम्नी-मॅन याने केलेले सुपरहिरोंचे हत्याकांड कॉमिकमध्ये सातव्या अंकापर्यंत येत नाही. मालिकेने ते २०२१ मध्ये पहिल्याच भागाच्या शेवटी दाखवले. कॉमिकमध्ये तो धक्का होता, मालिकेत तो टांगती तलवार झाला, कारण पुढचे सारे भाग प्रेक्षकाला सत्य ठाऊक असते आणि मुलाला व बायकोला नसते. डेबी या बायकोचे पात्र कॉमिकपेक्षा मालिकेत कितीतरी भरीव झाले, त्याचे कारणही हेच. चौथे पर्व मार्च २०२६ साठी जाहीर झाले आणि त्याच्या केंद्रस्थानी व्हिल्ट्रमाइट या ऑम्नी-मॅनच्या परग्रहावरील जमातीशी होणारे युद्ध आहे. कॉमिकमधल्या त्या युद्धात अंतराळातल्या लढाया पानभर पसरलेल्या आहेत, आणि मालिकेची दुबळी बाजू नेमकी तिथे आहे: गर्दीची आणि साधी संभाषणाची दृश्ये तिच्यात कित्येकदा ताठर दिसतात. दुसऱ्या पर्वात या काटकसरीची मालिकेने स्वतःच थट्टा केली आहे, ती मला पुष्कळ लढायांपेक्षा जास्त आवडली. हिंसाचार मात्र अत्यंत उघड आहे, तेव्हा मुलाला यापासून दूर ठेवा. ‘क्रीचर कमांडोज’ या प्रौढांच्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वालाही तीच सूचना लागू पडते.

मुलासोबत पाहण्यासाठी ‘एक्स-मेन ’९७’ अधिक योग्य आहे, अर्थात मृत्यू त्यातही आहेत आणि ते मनाला लागतात. ही मालिका एखाद्या कॉमिकचे सरळ रूपांतर नाही. १९९२ ते १९९७ या काळातील अ‍ॅनिमेशन मालिकेचा धागा ती पुढे नेते आणि वेगवेगळ्या दशकांतली कॉमिक्स त्यात विणते. पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात जेनोशा या म्युटंटांच्या, म्हणजे जन्मजात विलक्षण शक्ती असलेल्या माणसांच्या बेटाचा जो विध्वंस होतो, त्याचे मूळ २००१ मधल्या ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या कॉमिकमध्ये आहे. म्युटंटांच्या जिवावर उठलेल्या बॅस्टियनचा कट मात्र नव्वदच्या दशकातल्या अंकांतून घेतलेला आहे. इतक्या दूरच्या गोष्टी एकत्र आणूनही कथा सुटी सुटी वाटत नाही, हे लेखकांचे श्रेय. दुसरे पर्व २०२६ साठी जाहीर झालेले असून पहिल्या पर्वाच्या अखेरीस पात्रे भूतकाळात आणि भविष्यकाळात विखुरली आहेत व अपोकॅलिप्स या प्राचीन, बलाढ्य खलनायकाची चाहूल लागली आहे. पहिल्या पर्वाचे प्रमुख लेखक ब्यू डीमेयो मार्च २०२४ मधल्या प्रसारणापूर्वीच मालिकेपासून वेगळे झाले, त्यामुळे पुढची पर्वे हाच सूर राखतात का, याकडे माझे लक्ष राहील. येथे आधी वाचण्याची गरज नाही. जुन्या मालिकेचे निवडक भाग पाहिले तर पुरे.

आता ज्याची मी सर्वांत जास्त वाट पाहतो आहे त्याविषयी. ‘मिस्टर मिरॅकल’ची अ‍ॅनिमेशन मालिका जून २०२५ मध्ये जाहीर झाली. हे पात्र जॅक कर्बी यांनी १९७१ मध्ये निर्माण केले, परंतु मालिकेचा आधार टॉम किंग आणि मिच गेरॅड्स यांची २०१७ साली सुरू झालेली बारा अंकांची कथा हा आहे, आणि मालिकेची सूत्रेही किंग यांच्याकडेच आहेत. स्कॉट फ्री हा कोणत्याही बंधनातून निसटणारा कलावंत आहे. लहानपणी तहाची अट म्हणून शत्रूच्या हवाली केला गेलेला आणि डार्कसाइड या क्रूर देवाच्या नरकात वाढलेला. कथेची सुरुवात त्याने स्वतःचा जीव घेण्याच्या प्रयत्नाने होते, आणि पुढे देवांचे युद्ध, संसार, बाळाचा जन्म आणि त्याच्या मनातला अंधार हे सारे एकाच पातळीवर, एकाच आवाजात सांगितले जाते.

हे सांगण्याची पद्धत जवळजवळ संपूर्णपणे पानाच्या रचनेवर उभी आहे. पानेच्या पाने नऊ समान चौकटींत विभागलेली आहेत. लढाई असो वा चहापानाच्या गप्पा, चौकट मोठी होत नाही, त्यामुळे स्कॉट कुठेही असला तरी एका जाळीमागे उभा असल्यासारखा दिसतो. निसटणे हेच ज्याचे काम, तो आपल्याच आयुष्याच्या पानातून निसटू शकत नाही. मधूनच एखादी चौकट पूर्ण काळी होते आणि तिच्यात डार्कसाइडच्या अस्तित्वाची आठवण करून देणारे दोनच शब्द असतात. वाचताना डोळा त्या काळ्या चौकटीवर आदळतो, तरी वाचक ती ओलांडून पुढे जाऊ शकतो. पडद्यावर तेच केले तर केवळ दृश्य तुटल्यासारखे वाटेल. सहाव्या अंकात स्कॉट आणि त्याची पत्नी बिग बार्डा सापळे आणि पहारेकरी ओलांडत देवांचा शासक ओरायन याच्यापर्यंत पोहोचतात आणि सगळा वेळ घराची रचना कशी बदलावी यावर बोलत असतात. कागदावर चित्र आणि संवाद यांची गती वेगवेगळी ठेवता येते; वाचक संवादात रमतो आणि मागची हाणामारी नुसती जाणवत राहते. अ‍ॅनिमेशनमध्ये दोन्ही एकाच वेळी धावणार, आणि हालचाल नेहमीच शब्दांवर कुरघोडी करते.

नऊ चौकटींची कॉमिक्स पडद्यावर आणण्याचा अनुभव फार उत्साहवर्धक नाही. ‘वॉचमेन’चे २०२४ मध्ये दोन भागांत अ‍ॅनिमेशन झाले आणि त्यात कथानक काळजीपूर्वक जपले गेले, परंतु पाचव्या अंकाची पाने आरशातल्या प्रतिमेसारखी परस्परांशी जुळवलेली आहेत, ती कल्पना पडद्यावर उतरवायची तरी कशी? चित्रपटात पान नसतेच. ‘द डार्क नाइट रिटर्न्स’च्या २०१२-१३ मधल्या दोन भागांनी वेगळा मार्ग घेतला: बॅटमॅनचे मनातले बोलणे काढून टाकले आणि संगीत, शांतता व शरीराच्या जडपणावर भर दिला. त्या निर्णयावर वाचक आजही वाद घालतात; मला तो बरोबर वाटतो, कारण तेवढे स्वगत ऐकवले असते तर चित्रपट नभोनाट्य झाला असता. ‘मिस्टर मिरॅकल’ला असाच काहीतरी कठोर निर्णय घ्यावा लागेल. मूळ लेखकच तो घेणार आहे, ही आश्वासक गोष्ट. ‘अंडर द रेड हूड’ या २०१० मधल्या चित्रपटाची पटकथा मूळ कॉमिकचे लेखक जड विनिक यांनीच लिहिली होती, आणि तिथे त्यांनी आपल्याच कथेतला पसारा निर्दयपणे छाटला. दुसऱ्याने हे धाडस क्वचितच केले असते. ही मालिकाही प्रौढांसाठीच समजा.

‘बियॉन्ड द स्पायडर-व्हर्स’ या स्पायडर-मॅन चित्रपटमालेतल्या तिसऱ्या चित्रपटाबद्दल कॉमिक वाचण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांचा नायक, नवा स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस, २०११ मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी निर्माण केला हे खरे, पण या चित्रपटांनी कॉमिकची कथा न घेता कॉमिकची छपाई घेतली. रंगांचे ठसे किंचित सरकलेले, छटांसाठी छापील ठिपके, वेगाने हलणाऱ्या वस्तूंचा नेहमीचा धूसरपणा जाणूनबुजून टाळलेला. २०१८ च्या पहिल्या चित्रपटात माइल्स नवखा असताना त्याची हालचाल सेकंदाला बारा चित्रांत होते आणि सोबतच्या सराईत स्पायडर-मॅनची, पीटरची, चोवीस; प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण पोरगा अडखळतो आहे हे कळते. २०२३ च्या दुसऱ्या चित्रपटात ग्वेनच्या जगातले जलरंग तिच्या मनःस्थितीप्रमाणे ओघळतात, तर स्पायडर-पंक कागदाचे कपटे चिकटवल्यासारखा दिसतो. पानावरची रचना पडद्यावर कशाने भरून काढावी, या प्रश्नाचे इतके समर्पक उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले मला दिसत नाही. तिसरा चित्रपट आधी मार्च २०२४ साठी ठरला होता. २०२३ मधल्या संपाच्या काळात तो वेळापत्रकातून निघाला आणि आता जून २०२७ चा महिना जाहीर झाला आहे. दुसरा चित्रपट कथा अर्ध्यावर तोडून संपतो, म्हणून चाहत्यांची चिडचिड समजण्यासारखी आहे, पण या प्रतीचे काम घाईत होत नाही. आपल्या मुलाला आधीचे दोन्ही चित्रपट अवश्य दाखवा.

‘डायनॅमिक ड्युओ’ या चित्रपटाची तारीख ३० जून २०२८ आहे. डिक ग्रेसन आणि जेसन टॉड या दोन रॉबिनांची (बॅटमॅनच्या तरुण साथीदारांची) ही कथा बाहुल्या आणि संगणकीय चित्रण यांच्या मिश्रणातून घडवली जाते आहे. तंत्राबद्दल उत्सुकता आहे, कथेबद्दल इतक्यात मत बनवण्यात अर्थ नाही. ‘युअर फ्रेंडली नेबरहूड स्पायडर-मॅन’चे दुसरे पर्वही मुलासाठी चालेल, पीटरचा मार्गदर्शक म्हणून एरवी त्याचा शत्रू असलेल्या नॉर्मन ऑस्बॉर्नला आणण्याची त्यातली खेळी चांगली आहे.

तेव्हा आधी वाचायचे ते एकच, ‘मिस्टर मिरॅकल’चे बारा अंक, आणि तेही क्रमाने. ‘इन्व्हिन्सिबल’ आधी पाहा, मग वाचा. घटनांचा क्रम बदललेला असल्याने दोन्हींत नवे काही सापडते. ‘मिस्टर मिरॅकल’चा सहावा अंक मात्र दोनदा वाचा, एकदा नेहमीप्रमाणे आणि एकदा संवाद वगळून केवळ चित्रे पाहत. मालिकेत तो प्रसंग येईल तेव्हा किंग यांनी शब्द राखले की हालचाल, हे आपल्याला लगेच ओळखता येईल.