नवरा अमेरिकन, घर म्युनिकमध्ये

प्रश्न : मी भारतीय पासपोर्टवाली, नवरा अमेरिकेत जन्मलेला, म्हणजे तिथला नागरिक. तीन वर्षं झाली, दोघंही म्युनिकमध्ये नोकरी करतोय. चौदा महिन्यांपूर्वी आम्ही डेन्मार्कमध्ये लग्न नोंदवलं आणि दोन महिन्यांनी भारतात विधिवत लग्न केलं. आता कायमचं अमेरिकेला जायचं घाटतंय. सासरे म्हणतात, "व्हिजिटर व्हिसा काढून या, पुढचं इथे बघू. स्पॉन्सर मी होतो." खरंच असं करता येतं का? की नवऱ्याने आधी एकट्याने जाऊन तिथे राहायला हवं? इथला पगार धरतात का? आणि इथे आल्यापासून त्याने अमेरिकेचा टॅक्स रिटर्न भरलेला नाही, कारण जर्मनीत टॅक्स कापला जातोच. — एक वाचक, म्युनिक

उत्तर : सासऱ्यांच्या पहिल्या वाक्याला नम्रपणे नाही म्हणा, दुसऱ्याबद्दल मात्र आभार माना. ते पुढे उपयोगी पडणार आहे.

व्हिजिटर व्हिसा मागताना "फिरून परत येणार" असं सांगायचं आणि मनात बिऱ्हाड हलवायचं असेल, तर ती सरळ सरळ खोटी माहिती ठरते. ती पकडली गेली तर कायमची प्रवेशबंदी लागू शकते आणि मग माफीचा वेगळा अर्ज करत बसावं लागतं. शिवाय तुमच्या नावाने कायम वास्तव्याचा अर्ज कोणी केला आहे का, हा प्रश्न त्या फॉर्ममध्येच असतो. "पुढचं इथे बघू" हे वाक्य आमच्या घरातही होतं. सगळ्या सासऱ्यांकडे ते असावं, असा मला संशय आहे.

रस्ता असा. नवऱ्याने आय-१३० हा, बायकोला कायमचं बोलावून घेण्याचा अर्ज करायचा. तो म्युनिकमध्ये बसून ऑनलाइन करता येतो, त्यासाठी अमेरिकेला जावं लागत नाही. पूर्वी परदेशातल्या त्यांच्या इमिग्रेशन कार्यालयांत तो थेट देता यायचा, पण त्यातली बहुतेक कार्यालयं २०२० पर्यंत बंद झाली. कॉन्सुलेट आता फक्त अपवादात्मक कारण असेल तरच घेतं. सोबत आय-१३०ए हा तुमच्या माहितीचा जोडफॉर्म, त्यात गेल्या पाच वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या. मंजुरीनंतर फाइल न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथे फी आणि कागद द्यायचे. शेवटी मुलाखत. जर्मनीत राहणाऱ्यांची ती फ्रँकफर्टला होते. म्युनिकमध्येही अमेरिकन कॉन्सुलेट आहे, पण हे काम तिथे होत नाही. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याची रांग नसते, तरी सगळं मिळून वर्ष-दीड वर्ष धरून चाला.

आता खरा मुद्दा. लग्न खरं आहे हे दाखवण्यात लोक जीव टाकतात. आम्हीही टाकला होता. आम्ही तेव्हा तिसऱ्याच एका देशात राहत होतो. मी मुलाखतीला फोटोंचे दोन अल्बम घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी ते उघडलेही नाहीत. नवऱ्याच्या हमीपत्रावर, म्हणजे बायकोचा आर्थिक भार मी उचलेन अशी लेखी हमी देणाऱ्या कागदावर, बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे राहतात कुठे?" मी म्हटलं, "माझ्याबरोबर." उत्तर खरं होतं आणि नेमकं तेच अडलं. हातात एक चिठ्ठी घेऊन बाहेर आले : कागद अपुरे, डोमिसाइलचा, म्हणजे नवऱ्याचं कायमचं घर अमेरिकेत असल्याचा पुरावा द्या.

आमचे फॉर्म भरून देणाऱ्या सल्लागाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, सासरे सहहमीदार आहेत ना, मग झालं. ते तसं नसतं. आय-८६४ या हमीपत्रावर अर्जदार नागरिकाची सही लागतेच, आणि त्याचं कायमचं घर अमेरिकेत असावं लागतं. सहहमीदार फक्त उत्पन्नातली तूट भरून काढतो, घराची नाही. परदेशात राहणाऱ्याला दोन वाटा आहेत : एक, मी तात्पुरता बाहेर आहे, माझं तिथलं नातं तुटलेलं नाही हे दाखवणं. दुसरी, बायको अमेरिकेत पाऊल ठेवेल त्या दिवसापर्यंत मी तिथे घर करतोय, त्याची पावलं ही अशी, हे दाखवणं.

आम्ही दुसरी धरली. नवऱ्याचं तिथलं जुनं बँक खातं, परदेशातून मतदान केल्याची नोंद, नोकरीसाठी केलेले अर्ज आणि आलेली उत्तरं, आमचं राहतं घर सोडत असल्याची घरमालकाला दिलेली नोटीस. आणि सामान हलवणाऱ्या कंपनीचं कोटेशन : एकोणीस खोकी, एक सायकल, एक शिवणयंत्र. ते शिवणयंत्र न्यायचं की नाही यावर आमचं आदल्या रात्री भांडण झालं होतं, आणि आता ते सरकारी फाइलमध्ये जाऊन बसलं. सासऱ्यांनी पत्र दिलं की वरची खोली यांच्यासाठी रिकामी केली आहे. पाच आठवड्यांनी व्हिसा आला.

तेव्हा नवऱ्याने आधी एकट्याने जायलाच हवं असं नाही. तुमच्याबरोबर त्याच विमानाने गेला तरी चालतं. तुमच्या मागून मात्र चालत नाही.

पगाराचं. जर्मनीतली नोकरी सोडून जाणार असाल तर तो पगार धरत नाहीत, कारण उत्पन्न तिथे गेल्यावरही त्याच ठिकाणाहून चालू राहायला हवं. कंपनी अमेरिकेत बदली देत असेल, किंवा तिथून काम करू देत असेल, तर तसं पत्र घ्या. मर्यादा फार मोठी नाही : सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, २०२५ च्या आकड्यांप्रमाणे दोन माणसांसाठी २६,४३७ डॉलर. उत्पन्न नसेल तर बचत दाखवता येते, पण तुटीच्या तिप्पट. नाहीतर सासरे आहेतच.

टॅक्सचं आजच हातात घ्या, कारण हमीपत्राला ताजा रिटर्न जोडावा लागतो. अमेरिकन नागरिक जगात कुठेही कमावत असला तरी उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की त्याला रिटर्न भरावाच लागतो. टॅक्स शून्य निघाला तरी. नकळत राहून गेलेल्यांसाठी सवलतीची योजना आहे : मागच्या तीन वर्षांचे रिटर्न आणि सहा वर्षांच्या परदेशी खात्यांची माहिती. परदेशी खात्यांत मिळून कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली असेल, तर ही खात्यांची माहिती वेगळी द्यावी लागते, आणि म्युनिकमध्ये पगार घेणाऱ्याचं ते सहज होतं. हे काम जाणकार अकाउंटंटकडून करून घ्या. इथे काटकसर नको.

तुमच्या दोन लग्नांबद्दल. सगळ्या फॉर्मवर डेन्मार्कची तारीख, कारण कायद्याने लग्न त्या दिवशी झालं. भारतातला सोहळा पुरावा म्हणून जोडा, तारीख म्हणून नाही. एका फॉर्मवर ही आणि दुसऱ्यावर ती, असं झालं की उगाच प्रश्न निघतात. डेन्मार्कचा दाखला इंग्रजीतही असतो, तेव्हा त्याला भाषांतर लागणार नाही. तुमचा जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल, आणि ते अचूक असल्याचं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायला हवं.

या तारखेचा आणखी एक उपयोग. अमेरिकेत शिराल तेव्हा लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसतील तर दोनच वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं आणि पुन्हा एक अर्ज, पुन्हा फी. पूर्ण असतील तर दहा वर्षांचं. तुमचे चौदा महिने झालेत, त्यामुळे उशीर इथे तुमच्या बाजूने आहे.

फी : २०२४ च्या एप्रिलपासून ऑनलाइन आय-१३० चे ६२५ डॉलर, मग व्हिसाचे ३२५, हमीपत्राचे १२०, व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्डचे २३५. मेडिकल वेगळी, आणि ती त्यांच्याच यादीतल्या डॉक्टरकडे.

पोलिस दाखल्यांची घाई करू नका. जर्मनीचा फ्यूरुंग्सत्सॉयग्निस १३ युरोत पोस्टाने घरी येतो, भारताचा म्युनिकच्या भारतीय कॉन्सुलेटमधून मिळेल. दोन वर्षांत ते शिळे होतात, म्हणून आय-१३० मंजूर झाल्यावरच काढा. सोळाव्या वर्षानंतर आणखी कुठे वर्षभर राहिला असाल तर तिथलाही लागेल. शिक्षणासाठीचं ते एक वर्ष लोक हमखास विसरतात.

मंजुरीनंतर बेत पुढे ढकलला तर निदान वर्षातून एकदा व्हिसा सेंटरशी संपर्क ठेवा, नाहीतर फाइल बंद होऊ शकते. सासऱ्यांना एवढंच सांगा, खोलीचं पत्र इंग्रजीत, तारीख घालून, सही करून द्या. आमच्या सासऱ्यांनी पहिल्या पत्रावर तारीखच घातली नव्हती.