हायड्रोजनला पहिल्या गणात पाहून फसू नका

आवर्त सारणीत हायड्रोजनचे स्थान कोणते, असा प्रश्न आला, तर तो पहिल्या गणात (उभ्या स्तंभात) दिसतो म्हणून त्याला लिथिअम, सोडिअमसारखा अल्क धातू समजू नका. एकच संयुजा (सर्वांत बाहेरच्या कक्षेतील) इलेक्ट्रॉन, एवढ्या साम्यावर त्याला ती जागा मिळाली आहे. लिथिअमचा तो इलेक्ट्रॉन काढण्यास मोलमागे सुमारे 520 किलोज्यूल ऊर्जा पुरते. हायड्रोजनला 1312 लागते, आणि हा आकडा क्लोरीनच्या 1251 शी कितीतरी जवळचा आहे. मग त्याला क्लोरीनच्या सतराव्या गणातच बसवावे, असा मोह तुम्हांला होईल (मलाही झाला होता); परंतु इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरीन मोलमागे 349 किलोज्यूल ऊर्जा मुक्त करतो, तर हायड्रोजन जेमतेम 73, आणि सोडिअम हायड्राइडमधील त्याचा ऋण आयन पाण्याशी गाठ पडताच वायुरूप हायड्रोजन होऊन निघून जातो. उत्तरात म्हणूनच नुसता गणक्रमांक लिहू नका. दोन्ही बाजूंचे, म्हणजे अल्क धातूंशी आणि क्लोरीनशी साम्य दाखवणारे, एकेक संयुग द्या.