‘भीतीपेक्षा आशेवर विश्वास’: आशा की उमेद?

प्रश्न असा: निवडणूक प्रचारावरच्या लेखाला ‘मतदारांचा भीतीपेक्षा आशेवर विश्वास’ असा मथळा द्यायचा आहे. तो मराठीत बसतो का? ‘आशा’ला याहून चपखल शब्द आहे का?

व्याकरण अडवत नाही, पण कान अडवतो. ‘भावापेक्षा बहिणीवर विश्वास’ म्हटलं की भावावरही थोडाफार आहेच, असं निघतं. तसा इथे भीतीवरही थोडा विश्वास उरतो. आणि भीतीवर मुळात कोणी विश्वास ठेवत नाही. ती वाटते, बसते, मोडते, नाहीतर कोणीतरी घालतं. इंग्रजी ‘होप ओव्हर फिअर’मधला ‘ओव्हर’ निवड सांगतो; ओबामांच्या २० जानेवारी २००९च्या शपथविधीच्या भाषणात तो ‘निवडणे’ या क्रियापदाला जोडूनच आला होता. मराठीत ते काम ‘पेक्षा’वर टाकू नये, क्रियापदाला करू द्यावं: भीती झुगारून, भीतीला बळी न पडता, भीतीवर मात करून.

खरी मेख ‘आशा’ या शब्दात आहे. तो वाईट नाही, पण त्याला लोभाचा वास चटकन लागतो. ‘पैशाच्या आशेने’, ‘आशेला लावणे’, ‘आशेवर ठेवणे’, ‘आशाळभूत’ ही सगळी त्याचीच गोतावळ. त्यामुळे ‘मतदारांनी आशेने मत दिलं’ असं वाचलं की पुढचा प्रश्न येतो, कसल्या आशेने? ‘आशेपोटी’ लिहिलंत तर पाकीटच डोळ्यांसमोर येतं.

इथे ‘उमेद’ बघा. शब्द फारसी, मूळ अर्थ आशाच. ‘उमेदवार’ म्हणजे आशा धरून असलेला. म्हणून शिकाऊ माणूसही उमेदवारीच करतो. मराठीत मात्र ‘उमेद’ला हिमतीची धार आली. ‘उमेद खचली’, ‘उमेदीची वर्षं’ यांत मिळण्यापेक्षा करण्याची धमक जास्त आहे. एक अडचण आहे: उमेदीला कर्म फारसं सोसत नाही. ‘पावसाची आशा’ चालते, ‘पावसाची उमेद’ नाही. म्हणजे कशाची ते सांगायचं असेल तर ‘बदलाची आशा’च लिहावी, नुसती मनाची स्थिती सांगायची तर ‘उमेद’.

आता मथळ्यातला ‘विश्वास’. इंग्रजी ‘कॉन्फिडन्स’ मनात धरून तिथे ‘आत्मविश्वास’ घेऊ नका; तो स्वतःच्या क्षमतेवरचा. ‘खात्री’ म्हणजे शंका संपली, आणि मतदाराची ती क्वचितच संपते. ‘भरवसा’ किंवा ‘विश्वास’ ठीक. ‘विश्वास’ आणि प्रचारातलं ‘आश्वासन’ दोन्ही श्वस् या एकाच धातूचे, म्हणजे श्वास घेण्याचे. आश्वासन म्हणजे आधी घाबरलेल्याला धीर देणं. ‘वचन’ हा अर्थ नंतर चिकटला.

मथळा म्हणून ‘भीती झुगारून मतदार उमेदीने केंद्रावर’ हा मला सरस वाटतो. ‘बदलाच्या आशेची भीतीवर मात’ हाही चालेल, पण जरा पुस्तकी आहे.

आणि मजकुरात ‘मतदारांची भीती’ हा प्रयोग जपून करा. ‘सापाची भीती’सारखा तोही उलटा वाचता येतो: मतदारांना वाटणारी नव्हे, मतदारांची उमेदवाराला वाटणारी. प्रचारात तीही असतेच म्हणा, पण तुम्हाला ती सांगायची नाही. ‘मतदारांच्या मनातली भीती’ लिहा.