परदेशातले पार्टनर रिप्लायच देत नाहीत, प्रोजेक्ट सोडू का?

प्रश्न: ताई, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी दुसऱ्या देशातल्या एका युनिव्हर्सिटीसोबत सहा आठवड्यांचा ऑनलाइन प्रोजेक्ट सुरू केलाय, कॉइल म्हणतात त्याला. ग्रुपमध्ये आम्ही दोघी आणि तिकडचे तिघं. माझं लिहायचं इंग्लिश बरं आहे पण बोलताना त त प प होतं, पहिल्या मीटिंगला मी तोंडच उघडलं नाही. आता चार दिवस झाले तिकडून एकही रिप्लाय नाही. मार्क जाण्यापेक्षा नाव काढून घेऊ का?

उत्तर: अगं, नाव अजिबात काढू नकोस! तू इंग्लिशला घाबरतेयस, पण असे ग्रुप इंग्लिशवर क्वचितच अडतात, अडतात ते न ठरवलेल्या गोष्टींवर. कोण काय करणार, रिप्लाय किती वेळात द्यायचा, मेसेज कुठे टाकायचा, हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्यायचं असतं आणि ते सोडून सगळे थेट विषयावर उडी मारतात.

ते तिघं कामचुकार आहेत असं लगेच धरून चालू नकोस. त्यांच्याकडे परीक्षा असतील, सुट्टी लागली असेल, किंवा तुम्ही पाठवलेली लिंकच उघडत नसेल. चीनमधल्या विद्यार्थ्यांना गुगल डॉक्स सहजासहजी उघडता येत नाही, तिथे गुगलच्या सेवा बंद आहेत, आणि बिचारे पहिल्या ओळखीत ते सांगायला संकोचतात. वेळेचा घोळ तर ठरलेलाच. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्याच रविवारी, आणि कित्येक देशांत काटा हलतच नाही, त्यामुळे मागच्या आठवड्यात जमलेली मीटिंग या आठवड्यात एक तासाने चुकते आणि दोन्हीकडचे समजतात की समोरचे आलेच नाहीत. म्हणून वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे सगळ्या जगाला एकच असलेल्या प्रमाणवेळेत लिही आणि शेजारी दोन्हीकडची लोकल वेळ पण टाक.

आज मेसेज टाकशील तो "एनी अपडेट्स" असा नको, त्याला कोणी उत्तर देत नाही. नावं घेऊन, सोपं उत्तर देता येईल असं विचार, म्हणजे "प्रश्नावलीचे पहिले पाच प्रश्न मी लिहिलेत, उरलेले तू गुरुवारपर्यंत करशील का, आणि फाइल उघडतेय ना?" एवढं पुरे. दोन दिवसांत काहीच आलं नाही तर सरांना सांग. ही चहाडी नाही गं. असा प्रोजेक्ट दोन्हीकडच्या शिक्षकांनी मिळूनच आखलेला असतो, त्यामुळे सर तिकडच्या शिक्षकांना सरळ विचारू शकतात, आणि त्यासाठीच ते आहेत.

आता बोलण्याचं. तिकडच्यांचं इंग्लिशही बऱ्याचदा शिकलेलंच असतं, तेही तुझ्याइतकेच शब्द शोधत असतात. लाजणारी मुलं पटकन स्लाइड्सचं काम मागून घेतात आणि सहा आठवडे त्याच्यामागे लपून राहतात, ते मात्र करू नकोस. त्यापेक्षा मीटिंगची सुरुवात करायचं काम माग, मागच्या वेळी काय ठरलं आणि आज काय ठरवायचंय ही चार वाक्यं लिहून ठेव, बघून वाचलीस तरी चालेल. एकदा आवाज फुटला की पुढचं जमतं. कळलं नाही तर "परत सांगशील का, चॅटमध्ये लिहिशील का" असं बिनधास्त म्हण.

परदेशी शिकायला जाणं बहुतेकांना परवडत नाही, म्हणून तर न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने, म्हणजे सनीने, २००६ मध्येच या पद्धतीसाठी वेगळं सेंटर काढलं, कोरोनाच्या कितीतरी आधी. ही संधी चार दिवसांच्या शांततेपायी घालवू नकोस, प्लीज.

प्रश्न: आमच्या ग्रुपमधला एकजण रात्रीत आमचं लिखाण पुसून स्वतःचं टाकतो. त्याचं इंग्लिश चांगलं आहे म्हणून कोणी बोलत नाही.

उत्तर: बोलायलाच हवं. गुगल डॉक्सवर काम करत असाल तर व्हर्जन हिस्टरीत जुनं सगळं सापडतं, कोणी कधी काय बदललं तेही दिसतं, आधी तुमचा मजकूर परत आणा. मग त्याला सांगा की भाषा सुधारलीस तर छानच, पण सजेशन मोडमध्ये सुचव, म्हणजे मूळ मजकूर तसाच राहतो आणि बदल नुसता सुचवलेला दिसतो, आणि ज्याचं लिखाण आहे त्यालाच ते स्वीकारू दे. कदाचित त्याला वाटत असेल की तो मदतच करतोय, म्हणून पहिल्यांदा एकट्याला मेसेज करा, सगळ्यांसमोर नको.