गच्चीवर गेलं की घार अंगावर येते, घरटं काढून टाकावं का?

नका काढू. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं हलवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आधी ती घारच आहे ना, ते बघा. उडताना शेपटीला मध्ये खाच दिसली तर घार. पारव्याएवढा, राखाडी पाठीचा, छातीवर तांबूस आडव्या रेघा असलेला पक्षी शिक्रा; तो गर्द झाडीत घरटं करतो आणि बहुधा तुमच्याकडे लक्षही देत नाही. घारीचं घरटं म्हणजे नारळाच्या किंवा उंच झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचा ढीग, त्यात चिंध्या, प्लास्टिक, काय वाट्टेल ते.

झडप घालणारी घार चिडकी नसते हो, आई-बाप असतात ते. अंडी उबायला महिनाभर, पिल्लं उडायला आणखी दीड-दोन महिने, मग सगळं थांबतं. तोवर त्या बाजूला जाणं टाळा. जावंच लागलं तर छत्री उघडून जा. ती बहुतेकदा मागून डोक्यावर येते. मटणाचे तुकडे अजिबात टाकू नका, त्याने घारी माणसांच्या हातावर झेपावायला शिकतात.

पिल्लू खाली पडून जखमी दिसलं तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.