मूल हवे आहे, मग अ‍ॅझाथायोप्रिन बंद करावे का?

मोठ्या आतड्याच्या दाहावर अ‍ॅझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या तरुण स्त्रिया हा प्रश्न मला हमखास विचारतात. मागे आलेल्या एका विवाहितेने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) कोणालाही न विचारता गोळ्या परस्पर थांबवल्या होत्या. माहितीपत्रकातील कर्करोगाचा उल्लेख वाचून ती धास्तावली होती आणि ‘आता बरी आहेस, मग कशाला घेतेस?’ असे सासूबाईही म्हणत होत्या. काही महिन्यांतच शौचावाटे पुन्हा रक्त जाऊ लागले.

तिची भीती निराधार नव्हती, हे मी प्रथम मान्य केले. अ‍ॅझाथायोप्रिनमुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, यकृतावर ताण येऊ शकतो, सुरुवातीच्या आठवड्यांत स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची शक्यताही थोडी वाढते, मात्र तो दहा हजारांत वर्षाला मोजक्याच रुग्णांना होतो. मग आम्ही तिचे सीबीसीचे (रक्तातील पेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. पांढऱ्या पेशी एकदाही ४,०००च्या खाली गेल्या नव्हत्या. प्रत्येक आकड्याखाली तिने स्वतः पेनाने रेघ ओढली, तेव्हा तिचा आवाज जरा स्थिरावला.

बाळाच्या बाबतीत मात्र सगळ्या औषधांना एकच नियम लावणे घातक आहे. प्रतिकारशक्ती दाबणारेच दुसरे औषध मेथोट्रेक्सेट गर्भाला अपाय करते, म्हणून ते गर्भधारणेच्या काही महिने आधीच डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावे लागते; याउलट अ‍ॅझाथायोप्रिन गरोदरपणातही बहुधा चालू ठेवतात, कारण दाह भडकलेला असताना दिवस राहिले तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि बाळाचे कमी वजन यांचा धोका वाढतो. याच आजारावरील इन्फ्लिक्सिमॅब या औषधाची इंजेक्शने गरोदरपणात घेतली असतील, तर ते प्रसूतीपूर्वीच बालरोगतज्ज्ञांना सांगावे, कारण आपल्याकडे जन्मताच टोचली जाणारी बीसीजीची लस अशा बाळाला काही महिने उशिरा द्यावी लागते.

पुढच्या भेटीला सासूबाईही आल्या. पोटविकारतज्ज्ञांनी स्टिरॉइडने दाह आटोक्यात आणला, अ‍ॅझाथायोप्रिन पुन्हा सुरू केले आणि किमान तीन महिने त्रास नसेल तरच गर्भधारणेचा विचार करावा, असे सांगितले. स्टिरॉइड मात्र एकदम सोडायचे नाही, टप्प्याटप्प्यानेच कमी करायचे, हे मी सासूबाईंना दोनदा समजावले. ताप आला, तोंड आले किंवा केस झपाट्याने गळू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून सीबीसी करायचे, हे त्यांनी स्वतःच्या हाताने फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.