लवंग तेलाने तण जळाले, पण लव्हाळा पुन्हा आला!

प्रश्न : घराभोवती दीड गुंठा जागा आहे. अंगणात नातवंडे खेळतात, म्हणून रासायनिक तणनाशक नको वाटते. लवंग तेल पाण्यात मिसळून फवारले. संध्याकाळपर्यंत सगळे तण करपले. पण बारा दिवसांत लव्हाळा पुन्हा हिरवागार! तेल भेसळीचे होते का? प्रमाण वाढवू का?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, तेलावर शंका घेऊ नका. संध्याकाळपर्यंत पाने करपली म्हणजे तेलाने आपले काम केले होते. लवंग तेलातले युजेनॉल पानाच्या पेशींची आवरणे फोडते, आतला ओलावा बाहेर पडतो आणि उन्हात पान वाळते. पण ते मुळांपर्यंत उतरत नाही. माझ्या परसात असेच झाले, तेव्हा करपलेल्या लव्हाळ्याखाली कुदळ मारून पाहिली. वीतभर खोल काळी गाठ सापडली. नख लावले तर आतून पांढरीशुभ्र, टणक. एकीला लागून दुसरी, तिला लागून तिसरी. वरचे पान गेले तर तिला काय फरक पडणार?

प्रमाण वाढवून ही गाठ मरणार नाही. पाच टक्के द्रावण करायचे तर पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण लिटर तेल लागते! एवढा खर्च लव्हाळ्यावर करू नका, हे मी कळकळीने सांगते. हरळीचेही तेच, तिच्या कांड्या जमिनीत जिवंत राहतात.

तेल वापरायचे ते नुकत्याच उगवलेल्या, दोन-चार पानांच्या रोपांवर. फरशीच्या फटीतले कोवळे गाजर गवत त्याने छान जाते. मोठे झालेले मात्र फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटा, त्याची अंगाला ॲलर्जी होते. फवारणी कडक उन्हात, वारा पडलेला असताना करा. लवंग तेल पाण्यात विरघळत नाही, पाण्याहून जड असल्याने तळाशी बसते, म्हणून थोडे साबणाचे पाणी घालून पंप हलवत राहा. आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब! तेलाला तण आणि पीक यांतला फरक कळत नाही. वाऱ्याने उडालेल्या तुषारांनी माझी कोवळी मेथी एका दुपारीत गेली होती, अजून हळहळ वाटते.

नातवंडांचे म्हणाल, तर निव्वळ लवंग तेल कातडीला आणि डोळ्यांना भाजते. बाटली उंच, कुलपात ठेवा. फवारताना चष्मा, हातमोजे घाला आणि पाने पूर्ण वाळेपर्यंत मुलांना तिकडे जाऊ देऊ नका.

लव्हाळ्यासाठी उन्हाळ्यात जमीन खोल खणा आणि वर आलेल्या गाठी मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळू द्या. पावसाळ्यात दर पंधरवड्याला, नवे पान दिसले की गाठीसकट उपटा. पालापाचोळ्याच्या आच्छादनाला तो जुमानत नाही, प्लास्टिकसुद्धा भोसकून वर येतो. एका हंगामात तो संपणार नाही, दोन-तीन वर्षे धरून चाला. काढलेल्या गाठी ओल्या असताना खतखड्ड्यात टाकू नका, नाहीतर खताबरोबर त्याच वाफ्यात परत येतील.